सामान सुटते, माणसे अडकतात

परदेशात बरीच वर्षे काढून कायमचे परत येणाऱ्या माणसाच्या सामानाचा आपल्या सीमाशुल्क खात्याने फार बारकाईने विचार केलेला आहे. २०१६च्या बॅगेज नियमावलीने दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ बाहेर राहिलेल्याला पाच लाख रुपयांपर्यंतचे घरगुती सामान शुल्काविना आणायची मुभा दिली. त्यात कपडे धुण्याचे यंत्र बसे, मायक्रोवेव्ह बसे, ३०० लिटरपर्यंतचा फ्रीजही बसे. त्याहून मोठा फ्रीज असला तर तो दुसऱ्या यादीत जाई. फॅक्स यंत्र जगातून जवळजवळ हद्दपार झाले होते, तरी यादीत त्याची जागा शाबूत होती. आयकर कायदाही असाच कनवाळू. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेला, किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांहून जास्त इथे न राहिलेला माणूस परतला, तरी तो लगेच पुरता निवासी ठरत नाही. मधली दोन-तीन वर्षे त्याच्या परदेशातल्या व्याजाला, भाड्याला इथला कर सहसा लागत नाही. डॉलर-पौंड तसेच ठेवायचे असतील तर त्यासाठी रिझर्व्ह बँकेने परकी चलनाचे वेगळे खाते ठेवले आहे. पैशाला नव्या जागी रुळायला वेळ लागतो, हे सरकारला मान्य आहे. त्याच विमानातून उतरलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला मात्र पुढच्या सोमवारपासून सहावीच्या वर्गात बसायचे असते.

परतलेल्या कुटुंबांच्या अडचणींबद्दल आपल्याकडे बोलले जाते ते बहुतेक धूळ, हॉर्न, रांगा मोडणारे लोक आणि 'तिकडे कसं सगळं शिस्तीत' या चालीवर. ऐकणाऱ्याला ते नाटकी वाटते, आणि बऱ्याचदा ते नाटकी असतेही. खड्ड्यांची सवय सहा महिन्यांत होते. सहा महिन्यांत न सुटणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. माझे म्हणणे असे, की परतीची आपली सगळी व्यवस्था कमावत्या माणसाभोवती आणि त्याच्या मिळकतीभोवती रचलेली आहे. परतीची किंमत मात्र घरातली अशी माणसे चुकवतात ज्यांना हा निर्णय घेताना कुणी फारसे विचारलेले नसते. मुले आणि बायका. २००४ साली आलेल्या 'स्वदेस' चित्रपटाने परतीचे एक देखणे चित्र उभे केले. त्यातले गाव वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेले, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला ते अंमळ जास्तच जवळचे. पण त्या नायकाला बायको नाही, शाळेत जाणारे मूल नाही, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला आणायचा प्रश्नही नाही. अशा माणसाने गावी परतावे की नाही हा मनाचा प्रश्न होऊ शकतो. चार जणांचे कुटुंब परतते तेव्हा तो प्रश्न कागदांचा आणि वेळापत्रकाचा होतो.

मुळात ही कुटुंबे परततात का, याचेही उत्तर 'मायभूमीची ओढ' असे एका दमात देता येत नाही. खेड, दापोली, चिपळूण, मंडणगड, इकडे श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातून पिढ्यान् पिढ्या माणसे आखातात गेली. आखाती देश परक्या कामगाराला सहसा नागरिकत्व देत नाहीत. नोकरी संपली की राहण्याचा परवानाही मुदतीत संपतो. म्हणजे जातानाच परतीचे ठरलेले असते, फक्त तारीख दुसऱ्याच्या हातात असते. १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी आणावे लागले. २०२० मध्ये 'वंदे भारत' मोहिमेच्या विमानांनी असेच लोक आले. या दोन्ही घटना ठळक, सगळ्यांना आठवणाऱ्या. यापेक्षा गुपचूप, पण घरे हलवणारी गोष्ट घडली ती जुलै २०१७ मध्ये. सौदी अरेबियाने परदेशी कामगाराच्या प्रत्येक आश्रितावर महिना १०० रियाल आकार बसवला आणि दर वर्षी तो १०० रियालांनी वाढवत २०२० मध्ये ४०० वर नेला. बायको आणि तीन मुले असतील तर महिना १,६०० रियाल. त्या वेळच्या दराने सुमारे बत्तीस हजार रुपये, तेही निवासपत्राचे नूतनीकरण करताना. रियाधमधल्या एखाद्या मेकॅनिकला किंवा दुकानातल्या हिशेबनिसाला हे परवडणे शक्य नव्हते. मग नवरा तिथेच एका खोलीत चौघांबरोबर राहिला आणि बायको-मुले गावी आली. हे परतणे निम्मेच असते, आणि आपल्या चर्चेत ते धरलेच जात नाही.

अमेरिकेची कथा दिसायला वेगळी, आतून बरीचशी तशीच. एच-वन-बी व्हिसा साधारणपणे सहा वर्षांचा. ग्रीन कार्डाचा अर्ज पुढे सरकला तर तो वाढत राहतो. पण रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सुमारे सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते. भारतातून लहानपणी नेलेले मूल एकविसाव्या वर्षी आईबापांच्या अर्जातून बाहेर पडते. तेव्हा 'आम्ही स्वखुशीने परत आलो' असे सांगणाऱ्या पुष्कळ घरांत ती खुशी एका बंद दरवाजासमोर उभी राहून ठरवलेली असते. त्यात कमीपणा काहीच नाही. पण मुलांना कारण खुशीचे सांगितले जाते, आणि त्यांना ते पटत नाही, कारण घरातली कुजबूज त्यांनी ऐकलेली असते.

आता शाळेच्या खिडकीशी येऊ, कारण खरा पेच तिथे आहे. प्रवेशाचा अर्ज आणि शाळेचे जनरल रजिस्टर एका गृहीतावर चालते: मूल याच मुलखातल्या एका शाळेतून दुसऱ्या शाळेत येत आहे. पूर्वीची शाळा, दाखल्याचा क्रमांक, आधार, 'सरल' प्रणालीतला विद्यार्थी क्रमांक. जन्मस्थळापुढे गाव, तालुका, जिल्हा. रियाधचा तालुका कोणता? आखातातल्या भारतीय शाळेचा दाखला निदान आपल्या ओळखीचा असतो, पण त्यावर तिथल्या कचेऱ्यांचे आणि वकिलातीचे शिक्के लागतात, आणि ते न घेता घाईत निघालेला माणूस इथे बसून ते मिळवू पाहतो. अमेरिकेतल्या शाळांना आपल्यासारखा 'शाळा सोडल्याचा दाखला' हा प्रकारच नीट ठाऊक नाही. त्या गुणांची नोंद देतात, आणि इथला कारकून ती उलटसुलट करून 'यात दाखला कुठाय?' असे विचारतो. तो उद्धट नसतो. त्याच्या रजिस्टरमध्ये रकाना नसतो.

कायद्यात मात्र रकाना आहे, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचे असते आणि मागे पडलेले भरून काढायला खास प्रशिक्षणाची सोय असते. वर्ष सुरू झाल्यावर आलेल्यालाही परत पाठवता येत नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून बदलीचा प्रवेश रखडवता येत नाही. पण दाखल्याची ही मोकळीक सरकारी आणि अनुदानित शाळांत जाणाऱ्यांसाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळा तिच्यातून वगळल्या आहेत, आणि खास प्रशिक्षणाची यंत्रणाही प्रत्यक्षात सरकारी शाळांपुरतीच. परतलेली कुटुंबे मुलांना 'निदान इंग्रजी माध्यम तरी' म्हणून नेमकी खासगी शाळांत घालतात. जी कुटुंबे कायद्याच्या छपराखाली येऊ शकतात ती तिथे जातच नाहीत. जिथे जातात तिथे मूल 'मागे' ठरवून एक वर्ष खाली बसवले जाते. बारा वर्षांच्या मुलाला दहा-अकराच्या मुलांत बसवण्याचे परिणाम काय होतात, हे कोणत्याही वर्गशिक्षिकेला विचारावे.

मग मराठी. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले. हा कायदा योग्य आहे असे माझे मत आहे. पण रियाध, शारजा किंवा न्यू जर्सीहून आलेल्या मुलाचे मराठी हे स्वयंपाकघरातले मराठी असते: ये, जेव, झोप आता, पसारा आवर. त्याला सगळे कळते आणि काहीच बोलता येत नाही. अमिरातीतल्या शाळेत त्याने अरबी गिरवलेली असते, हिंदी थोडीफार शिकलेली असते. इथे त्याच्यापुढे बालभारतीचा धडा येतो, जोडाक्षरे येतात, एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी हे एकामागून एक येतात. चमचा तो, वाटी ती आणि ताट ते. यामागे नियम काय असे मूल विचारते तेव्हा घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. वर्गात 'ते वाटी' म्हटले की हशा पिकतो. दुसऱ्या खेपेला मूल तोंड उघडत नाही. आजी म्हणते, 'पोर शिष्ट झालंय, बोलतच नाही.' एका सहामाहीत भाषेची अडचण स्वभावाचा दोष होऊन बसते. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांनी रविवारच्या मराठी शाळा चालवून तिकडे मुलांना अक्षरओळख करून दिली. इकडे, महाराष्ट्रात, परतलेल्या मुलासाठी सहा महिन्यांचा मराठीचा वर्ग नाही. हा विरोधाभास शिक्षण खात्यापेक्षा मराठीप्रेमी संस्थांनी जास्त मनावर घ्यायला हवा.

मोठ्या मुलांची गाठ यापेक्षा कठीण गोष्टीशी असते, कारण तिथे चुकलेली तारीख आयुष्याला पुरते. महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी, काही अपवाद सोडता, अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. दुसऱ्या बाजूला, आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी एनआयटींसारख्या संस्थांत 'दासा' योजनेखाली वेगळा प्रवेश आहे आणि त्यात फीसुद्धा इथल्या विद्यार्थ्यांइतकीच आहे. पण त्यासाठी अकरावी-बारावी आखातातच व्हावी लागते. आता एखादे कुटुंब मुलाची दहावी तिथे आटोपून परतले, तर काय झाले ते पाहा. राज्याच्या वैद्यकीय कोट्यासाठी दहावी बाहेरची ठरली आणि आखाताच्या सवलतीसाठी बारावी इथली ठरली. दोन्ही दरवाजे दोन वर्षांच्या आत बंद. 'दहावी एकदा होऊन जाऊ दे, मग निघू' हा आपल्या घरांतला अगदी शहाणपणाचा वाटणारा विचार; नेमका तोच सर्वात महाग पडतो. बापाची ग्रॅच्युइटी कधी मिळणार, यावर परतीची तारीख ठरते. मुलाच्या नियमांकडे बघून ती ठरवणारे घर विरळा.

अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचे आणखी निराळे. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून ते मूल 'ओसीआय' म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या कार्डावर येते. आईबापांचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्यांना आल्या आल्या आधारसाठी अर्ज करता येतो. मुलाला १८२ दिवस थांबावे लागते, आणि शाळा तर पहिल्या दिवशी आधार मागते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने नीट, जेईईसारख्या प्रवेशांत ओसीआय विद्यार्थ्यांना अनिवासी भारतीयांच्या रांगेत बसवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागू होईल असा निकाल दिला. त्यामुळे आधी कार्ड काढलेली मोठी बहीण आणि नंतर काढलेला धाकटा भाऊ यांचे हक्क एकाच घरात वेगळे असू शकतात. कागदोपत्री हे सगळे तर्कशुद्ध आहे. जेवणाच्या टेबलावर ते समजावून सांगणे अवघड आहे.

बायकांच्या वाट्याचा हिशेब कुठल्याच खात्यात मांडला जात नाही. कोकणात आणि केरळात एक जुनी रीत होती: नवरा आखातात, बायको गावी. लीला गुलाटी यांनी १९९३ मध्ये केरळातल्या अशा स्त्रियांवर आख्खे पुस्तक लिहिले. बँकेचे व्यवहार, घराचे बांधकाम, गवंड्याशी घासाघीस, सासूबाईंचे औषधपाणी, मुलांचे प्रवेश हे सगळे ज्या बाईने वीस वर्षे एकहाती केले, तिच्या घरी नवरा कायमचा येतो तेव्हा घरात दोन कारभारी होतात. उलट जी बाई नवऱ्याबरोबर गेली, तिने तिकडे चौघांचा संसार स्वतःच्या मताने चालवलेला असतो, आणि ती परतते ती सासरी. एच-वन-बीवाल्यांच्या बायकांना मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावरच्या अनेकींना मे २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती, नंतर ती काहींनाच मिळाली. इथे मुलाखतीत तीच वर्षे 'गॅप' म्हणून तिच्यासमोर ठेवली जातात. आणि शाळेच्या खिडकीशी, वकिलातीच्या संकेतस्थळावर, मराठीच्या शिकवणीच्या शोधात कोण असते? नवऱ्याला नव्या कचेरीत रजा मागता येत नाही. परतीचे जेवढे काम असते ते बहुतेक तिच्याकडे येते, आणि पहिल्या वर्षी मुलाचे गुण घसरले की बोलणीही तिलाच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डॉलर कमावून आलेल्यांची दुःखे आम्ही का ऐकावी? ऊसतोड मजुराचे मूल दर वर्षी सहा महिने शाळेबाहेर जाते, त्याच्यासाठी किती लेख लिहिले? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर दोन्ही मुलांच्या बाजूने जाते. हंगाम संपवून गावी परतलेल्या मुलाला वर्गात सामावून घेणे आणि जेद्दाहून परतलेल्या मुलाला सामावून घेणे यासाठी शाळेला लागणारी कुवत एकच आहे: वर्षाच्या मध्ये आलेल्याला काय येते आणि काय येत नाही हे पाहून त्याला पुढे नेण्याची. ती आपल्या शाळांत नाही, म्हणून दोघेही मागच्या बाकावर बसतात. शिवाय परतणारे सगळे डॉलरवाले असतात हा समज सौदीतल्या त्या चारशे रियालांनी केव्हाच खोटा पाडला आहे.

दुसरा आक्षेप घरातलाच: मुले लवचीक असतात, रुळतात. लहान मुले रुळतात, हे खरे. पण आल्फ्रेड शुट्झ या समाजशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांविषयी लिहिताना दाखवले, की परतणाऱ्याचा त्रास अनोळखी मुलखात जाणाऱ्यापेक्षा वेगळ्या जातीचा असतो. आपल्याला सगळे ठाऊक आहे असे तो धरून चालतो, आणि घरच्यांनाही तो पूर्वीचाच वाटतो. हे आईबापांना लागू पडते. मुलांना तेही लागू नाही, कारण ती परतलेलीच नसतात. ती आयुष्यात पहिल्यांदा देश सोडून आलेली असतात. पन्नाशीच्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास करताना रूथ युसीम यांचे लक्ष अशा मुलांकडे गेले होते, आणि त्यांच्याविषयीच्या अभ्यासाची एक शाखाच त्यातून पुढे उभी राहिली. बापाला जुने मित्र भेटतात, आईला माहेर भेटते. मुलाने मित्र, भाषा आणि रस्ता ओलांडायची मुभा अशा तिन्ही गोष्टी एका दिवसात सोडलेल्या असतात, आणि त्याला सांगितले जाते, की आपण घरी आलो.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार. सवलत दिली की तिचा बाजार होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये पंजाबने वैद्यकीय प्रवेशातल्या अनिवासी कोट्यात दूरच्या नातलगांनाही बसवायचा घाट घातला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूक आहे असे म्हणत त्या राज्याचे अपील फेटाळले. जपानचाही दाखला आहे. तिथे परदेशातून परतलेल्या मुलांना 'किकोकुशिजो' म्हणतात. त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आणि विद्यापीठांत वेगळी प्रवेशद्वारे उघडली गेली. मानववंशशास्त्रज्ञ रॉजर गुडमन यांनी १९९० मधल्या आपल्या पुस्तकात दाखवले, की ज्यांना समाज बिचारे समजत होता ती मुले प्रत्यक्षात वजनदार अधिकाऱ्यांची होती आणि सवलतींमुळे ती पुढेच गेली. म्हणून राखीव जागांची मागणी मी करणार नाही. गुणांत, जागांत, फीमध्ये काही नको. सहा महिने मराठीचा पूरक वर्ग, पहिल्या वर्षी मराठीच्या गुणांवरून उत्तीर्ण-अनुत्तीर्ण न ठरवणे, खासगी शाळांनाही वयानुरूप वर्गाचे बंधन, आणि प्रत्येक जिल्ह्यात परदेशी कागदपत्रे समजणारा एक माणूस, एवढ्याने इथल्या कुठल्याही मुलाची जागा जात नाही. करात दोन-तीन वर्षांची मोकळीक देणाऱ्या सरकारला हे जड जाऊ नये.

केरळने ही वाट आधी चालून दाखवली आहे. तिथे अनिवासी केरळीयांसाठी १९९६ पासून वेगळे खाते आहे, आणि १९९८ पासून ठरावीक काळाने स्थलांतराची पाहणी होते. २०२३ च्या पाहणीत परतलेल्यांची संख्या सुमारे १८ लाख निघाली, २०१८ मध्ये ती १२ लाखांच्या आसपास होती. अशी सातत्याने होणारी पाहणी महाराष्ट्रात नाही, त्यामुळे रत्नागिरी-रायगडच्या कुठल्या तालुक्यात दर वर्षी किती मुले परततात हे जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला कळायची सोयच नाही. मोजणी नाही म्हणून वर्ग नाही, आणि वर्ग नाही म्हणून मोजण्याची गरज कुणाला वाटत नाही.

सरकार हलेल तेव्हा हलेल. तोवर ज्या घरात परतीची बोलणी चालू आहेत त्यांनी तारीख ठरवण्याआधी मुलाची इयत्ता आणि त्याला पुढे काय शिकायचे आहे हे कागदावर लिहावे, दाखल्यावरचे शिक्के तिथेच घ्यावेत, आणि आणखी एक कलम वाचून ठेवावे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचे कलम २० परदेशात जन्मलेल्या भारतीय मुलाबद्दल बोलते. वकिलातीत नोंद राहून गेली असेल आणि आईबाप कायमचे राहण्यासाठी परतले असतील, तर मूल इथे जन्मले असे धरून त्याची जन्मनोंद इथल्या निबंधकाकडे करता येते. मुदत मूल भारतात पोचल्यापासून ६० दिवसांची आहे. सामान सोडवायच्या धावपळीत हे साठ दिवस निघून जाऊ देऊ नका.